इकोर्फिकची गोल वाट

आमच्या नगरपालिकेत उन्हाळ्यात दूरच्या वस्त्यांवर कोणाला पाठवायचं याचा एक अलिखित नियम आहे. ज्याची घरी कोणी वाट बघत नसेल, त्याला. हा नियम कोणी तोंडाने बोलून दाखवत नाही. आमच्या खात्याच्या प्रमुख बिर्गिथेबाई टेबलाशी येतात आणि हळू आवाजात विचारतात, "युस्तुस, तुम्हाला तशी काही अडचण नाही ना?"

मला तशी काही अडचण नव्हती. माझी बायको मुलीच्या बाळंतपणासाठी तीन महिने म्हणून डेन्मार्कला गेली, त्याला दोन वर्षं झाली. बाळ आता फोनवर बोलतं. ते डॅनिशमध्ये काहीतरी भरभर सांगतं आणि मी इकडून "हो हो" म्हणतो. तेवढ्यात बायको फोन घेते आणि "बरं, तू जेवलास का?" विचारते. मी जेवलेलो असतो. इतकंच.

तर त्या जुलैत माझ्यावर जी कामगिरी आली तिचं कागदावरचं नाव होतं, 'वस्तीवरील नागरिकांसाठी आनंदाने चालण्याची वाट'. माणसं चालत नाहीत म्हणून त्यांचा रक्तदाब वाढतो, असं राजधानीत कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. वाट तीन किलोमीटरची हवी होती. ती गोल हवी होती, म्हणजे जिथे सुरू होईल तिथेच संपायला हवी. दर पंच्याहत्तर मीटरवर नारिंगी डोक्याचा एक लाकडी दांडा, असे चाळीस दांडे. राहत्या घरापासून वाट पन्नास मीटर दूर हवी, कारण लोकांच्या खासगीपणाचा प्रश्न असतो. निसर्गरम्य ठिकाणी बसायला एक बाक. आणि शेवटी पाच रहिवाशांनी ती वाट चालून फॉर्मवर सह्या करायच्या. हा नियम करणाऱ्याने वस्ती पाहिलेली नव्हती हे उघड आहे. पण नियम करणाऱ्याने ती पाहायची नसते. त्यासाठी मी असतो.

माझ्या वाट्याला आलेली वस्ती इकोर्फिक. माणसं एकतीस आणि कुत्री दीडशे. हेलिकॉप्टरमधून उतरलो तेव्हा साकिउस उभा होता. हा माणूस वस्तीच्या समितीचा अध्यक्ष, विजेच्या इंजिनाचा रखवालदार आणि हेलिपॅडचा अधिकारी, असं सगळं एकाच टोपीखाली सांभाळतो.

"साहेब, तुमचं लाकूड मागच्या बोटीने आलं," तो म्हणाला. "चाळीस नग. सगळ्यांनी बघून घेतलंय."

सगळ्यांनी म्हणजे अक्षरशः सगळ्यांनी. आमच्याकडे झाड उगवत नाही. चाळीस सरळ, कोरडे, बिनगाठीचे दांडे एका ठिकाणी रचलेले म्हणजे काय, हे झाडाखाली वाढलेल्या माणसाला कळायचं नाही. दुकानवाली युडिथ त्यांच्यावरून मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत होती.

"भाऊ, याची मासे वाळवायची मांडणी काय सुरेख होईल हो!"

"ही चालण्याची वाट होणार आहे," मी गंभीरपणे म्हणालो.

"अच्छा. कुठे जाते?"

"कुठेच नाही. जिथून निघते तिथेच परत येते."

मग साकिउसने माझी बाजू घ्यायचा प्रयत्न केला. "म्हणजे वाटेत बदकांची अंडी असतील."

"नाही. नुसतं चालायचं."

"मग घरीच बसलं तर काय बिघडलं? शेवटी तिथेच तर यायचंय," युडिथ म्हणाली. मी तिला रक्तदाबाचं माहितीपत्रक दिलं. तिने ते लगेच अंडी गुंडाळायला घेतलं.

आणि बाक? बाकाचे फक्त स्क्रू आले होते. चोवीस स्क्रू, ते आवळायचे दोन पाने आणि 'जोडणी करताना दोन व्यक्ती असाव्यात' अशी सूचना.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. अस्वल दिसलं होतं म्हणून बंदूक न्या, असं एकाने सांगितलं. अस्वल दिसलं होतं ते चार वर्षांपूर्वी, तेव्हा बंदूक नको, कुत्रा न्या, असं दुसऱ्याने. कुत्रा नेलात तर तो तुम्हाला नेईल, असं तिसऱ्याने, आणि ते खरं निघालं. माझे शहरातले चालायचे बूट बघून साकिउस नुसताच "बरं" म्हणाला. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणतात तसा.

जमीन सगळी खडकाची. दांडा ठोकायचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक दांडा उभा धरायचा आणि बुडाशी दगड रचायचे. एका हाताने धरायचं आणि दुसऱ्याने रचायचं, हे काम खरं तर दोघांचं आहे. पण मासे आले होते, सगळे समुद्रावर होते आणि मला एकट्याने काम करायची सवय होती. मी वस्तीमागच्या टेकडीला वळसा घालणारी वाट आखली. पहिला दांडा चर्चपाशी. तेविसावा खाडीच्या टोकाला, जिथे ओढा समुद्राला मिळतो. तिथून वाट परत वस्तीकडे वळत होती.

तीन दिवस लागले. डासांची जाळी तोंडावर घेऊन मी दगड उचलत होतो. बारा-तेराव्या दांड्यापासून माझ्या लक्षात आलं की मी बोलतोय. "हं, चौदा, नीट उभा राहा. असा वाकू नकोस." सोळाव्याला तर मी जेवलास का, असं विचारलं. इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं. मैलोन्‌मैल ओलं शेवाळ, पांढरा फुललेला कापूसगवताचा पट्टा आणि लांब खाली हिमनग. ते दृश्य इतकं सुंदर होतं की ते कोणालातरी दाखवायला हवं असं वाटलं आणि दाखवायला सोळा नंबरचा दांडा होता.

चौथ्या दिवशी तपासणीला निघालो. हातात फॉर्म, खिशात पेन. चर्चपासून बावीसपर्यंत सगळं जिथल्या तिथे. तेवीस जागेवर नाही. चोवीस नाही, पंचवीसही नाही.

मला पहिल्यांदा वाटलं ते कोणालाही वाटेल: गेलं लाकूड, मांडणी झाली. पण टेकडीवर चढून मोजले तर दांडे चाळीसच्या चाळीस. फक्त त्यातले सात वाट सोडून ओढ्यापलीकडे गेले होते आणि खाडीच्या काठाने रांगेत उभे होते, बुडाशी नीट दगड वगैरे रचून. माझ्यापेक्षा चांगले रचले होते, हे लिहिताना मला अजून त्रास होतो.

"जमीन सरकते," संध्याकाळी साकिउस म्हणाला. "खाली बर्फ आहे ना. माझं शौचालय पाच वर्षांत एक हात सरकलं."

"सात दांडे ओढा ओलांडून सरकले?"

"तुमचे दांडे हलके आहेत."

युडिथने डोमकावळ्यांवर संशय घेतला. "नारिंगी रंग त्यांना आवडतो, भाऊ. माझी मोज्यांची जोडी नेली होती." मी कावळ्याने दगड रचल्याचं ऐकलं नव्हतं. पण माझ्या शिक्षणाचा इथे काही उपयोग होत नाही हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.

मी सातही दांडे परत आणले. दोन दिवसांनी बघतो तर अकरा पलीकडे! मी बिर्गिथेबाईंना फोन लावला.

"चोरीची तक्रार द्या," त्या म्हणाल्या.

"पण काही चोरीला गेलेलं नाही. दांडे आहेत, फक्त दुसरीकडे आहेत."

"मग मोडतोड लिहा."

"मोडलेलं नाही. उलट चांगलं बसवलंय."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "युस्तुस, चांगलं बसवल्याची तक्रार करायचा फॉर्म आपल्याकडे नाही. 'हवामान' लिहा आणि सह्या घेऊन शुक्रवारच्या हेलिकॉप्टरने या. आणि हे बघा, ही वाट मंजूर झाली नाही तर पुढच्या वर्षी वस्त्यांची कामं बंद करायची असं वरून आलंय. मग तुम्हाला वर्षभर ऑफिसातच बसावं लागेल."

हे मात्र मला लागलं. त्यांना वाटत होतं, वस्तीवर पाठवतात म्हणून मी कुरकुरतो. प्रत्यक्षात वर्षातले ते तीन आठवडेच असे असतात की मी कुठेतरी पोचलो की कोणीतरी विचारतं, "आलात का?" शहरात मी रोज ऑफिसातून घरी पोचतो. तिथे असं विचारणारं कोणी नाही.

बुधवारी दुपारी मी पाळत ठेवायची ठरवली. बाविसाव्या दांड्याजवळ एका मोठ्या दगडाआड बसलो. सोबत थर्मास आणि वाळवलेला हॅलिबट मासा. पाळत ठेवणारा माणूस सतर्क असावा लागतो, आणि मी होतो. अर्धा तास. जाग आली तेव्हा समोरचा दगड दिसत नव्हता. समुद्रावरून धुकं चढून आलं होतं. दूर कुठेतरी कुत्री रडत होती, पण ती कुठल्या बाजूला रडतायत ते कळेना.

धुक्यात माणसाने जिथे आहे तिथेच बसून राहावं, हे आमच्याकडे पोरांनाही शिकवतात. मीही बसलो. मग मनात आलं, मी नाही पोचलो तर कोणाच्या लक्षात येईल? साकिउसला वाटेल मी मुक्कामाला दिलेल्या शाळेच्या खोलीत झोपलोय. बिर्गिथेबाईंच्या लक्षात शुक्रवारी येईल, फॉर्म आला नाही म्हणून. आणि बायको रविवारी फोन करील, तो वाजत राहील, आणि ती म्हणेल, जेवत असेल. हा हिशेब मांडल्यावर मला तिथे बसवेना. मी उठलो आणि दांडे धरून चालायला लागलो. वाट तर माझीच होती ना!

पण ती माझी राहिली नव्हती. बाविसाव्यानंतर पंच्याहत्तर मीटर नाही, पंधरा पावलांवरच पुढचा दांडा आला. मग पुन्हा पंधरावर. एकापासून दुसरा धुक्यातही दिसेल इतक्या जवळ. ओढ्यातल्या दगडांवरून जाताना माझा डावा बूट ओल्या शेवाळावरून घसरला, पायातून निघाला आणि शांतपणे समुद्राकडे निघून गेला. मी एका बुटावर आणि एका मोज्यावर लंगडत पुढे गेलो. शेवटचा दांडा एका निळ्या घराच्या पायरीला टेकवून ठेवला होता.

दार उघडलं. दारात आबेलोने आजी. वय एकोणऐंशी, खाडीपलीकडच्या एकुलत्या एका घरात राहणारी. तिला मी आल्या दिवशी लांबून पाहिलं होतं, नकाशावर 'राहतं घर, पन्नास मीटर' असं लिहायच्या निमित्ताने.

"आलास?" ती म्हणाली. "सोमवारपासून केक करून ठेवतेय. कालचा मीच खाल्ला. बूट कुठाय?"

"गेला."

"बरं, मग एकच काढ."

आत कॉफी उकळत होती. टेबलावर सहा कप मांडलेले, सहाही उपडे. मी अधिकारी माणूस. एका पायाने ओला असलो तरी चौकशी करणं माझं कर्तव्य होतं.

"आजी, हे दांडे तुम्ही हलवलेत?"

"मग काय कावळ्यांनी? जाताना जरा त्रास होतो बघ, गुडघे दुखतात. येताना ठीक. हातात दोन काठ्या असतातच."

"पण का?"

"तू चुकीचे लावलेस. मी खिडकीतून बघत होते. तेवीसपर्यंत बरोबर येत होतास. मला वाटलं, आता इकडे वळशील. तर तू तिकडे वळलास." हे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता. गणित चुकलेल्या मुलाला सांगावं तसं तिने सांगितलं. "वाट म्हणजे कोणाच्यातरी घरी जाणार ना? ही कुठेच जात नाही असं युडिथने सांगितलं. म्हटलं, बिचाऱ्याला माहीत नसेल."

मी नियम सांगितला. राहत्या घरापासून पन्नास मीटर. लोकांचा खासगीपणा.

"खासगीपणा खूप आहे माझ्याकडे," आजी म्हणाली. "पुरून उरलाय."

मग ती केक कापता कापता बोलत राहिली. माणसं वाईट नाहीत. साकिउस मासे आणून देतो, युडिथ सामान पाठवते. सगळे बोटीने येतात, दोन मिनिटांत. खडकाशी बोट लावतात, पिशवी वर ठेवतात, "आजी, बरी आहेस ना?" म्हणून ओरडतात. "पण इंजिन कोणी बंद करत नाही रे. मी काही सांगायला लागले तरी त्या इंजिनाच्या आवाजात ऐकू जात नाही. ते हात हलवतात, मी हात हलवते. नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून या दारात बंद इंजिनाची एकही बोट लागलेली नाही."

"मग अलीकडे राहायला या. चर्चजवळचं घर रिकामंच आहे."

"त्या खिडकीतून काय दिसतं? साकिउसचं सरकणारं शौचालय. इथून मला नवऱ्याची बोट यायची ती जागा दिसते."

धुकं काही उठेना. मी कॉफी प्यायलो, केक खाल्ला. कसं कोणास ठाऊक, पण मी बोलायला लागलो. ऑफिसचं, बाकाच्या स्क्रूंचं, बायकोचं. तीन महिन्यांचं, दोन वर्षांचं. आजीने मध्येच विचारलं, "परत ये म्हणालास का तिला?"

"असं फोनवर कसं म्हणणार?"

"मग तू का नाही गेलास?"

"रजा मंजूर होत नाही."

"अर्ज केलास?"

मी केकचा तुकडा नीट बघितला. त्यात मनुके होते. "नाही," मी म्हणालो.

तिने माझा कप भरला. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं तेव्हा कळलं की मी सलग दोन तास बोलतोय आणि माझा घसा दुखतोय. इतकं बोलायची माझ्या घशाला सवय राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका पायात साकिउसने उसना दिलेला रबरी बूट घालून मी बिर्गिथेबाईंना फोन केला. "बाकाची जागा ठरली," मी म्हणालो. "खाडीच्या काठी, निसर्गरम्य."

"पण बाक आलाच नाही म्हणालात ना?"

"स्थानिक बाक वापरतोय. छप्पर आहे. चार भिंती आहेत."

"चार भिंतींचा बाक?"

"वारा फार असतो. कॉफीची पण सोय आहे." लाईन खरखरली. ती खरी खरखरली की मी तोंडाने आवाज काढला, हे मला आता आठवत नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी साहेबांशी खोटं बोललो नव्हतो. पण नकाशावरचं 'राहतं घर' मी खोडलं आणि 'विश्रांतिस्थान' लिहिलं. आणि पेन हातात होतंच म्हणून नियमांच्या यादीखाली एक नियम माझ्या पदरचा वाढवला: या वाटेवरील ठिकाणी इंजिनाच्या वाहनाने जाण्यास मनाई आहे.

शुक्रवारी वाटेचं उद्घाटन होतं. हेलिकॉप्टरचा दिवस, त्यामुळे सगळे किनाऱ्यावरच होते. साकिउसने कागद मोठ्याने वाचून दाखवला.

"थांबा," युडिथ म्हणाली. "म्हणजे ही वाट आबेलोनेकडे जाते?"

"हो."

"मग आठ दिवस कुठेच जात नाही, कुठेच जात नाही, असं काय सांगत होता? आबेलोनेकडे जायचं तर टेकडीला वळसा कशाला? खाडीच्या कडेने वीस मिनिटं!"

"बोटीने दोन," कोणीतरी म्हणालं.

"इंजिनाला मनाई आहे. इथे लिहिलंय," साकिउस कडकपणे म्हणाला. छापील कागदावर त्याचा फार विश्वास. शाईने लिहिलेली ओळ त्याने छापीलच धरली.

युडिथने दुकानाला कुलूप घातलं. साकिउसने एक मोठा मासा खांद्यावर टाकला. सगळी इकोर्फिक वस्ती खाडीच्या कडेने, माझ्या एकाही दांड्याकडे न बघता, सरळ चालत गेली. नियमाप्रमाणे तीन किलोमीटरची वाट चर्चपासून टेकडीला वळसा घालून, दोन वेगवेगळ्या बुटांमध्ये, मी एकट्याने पार केली.

पोचलो तेव्हा पायरीवर बुटांचा ढीग होता. आत शिरायला जागा नव्हती. कप सहा आणि माणसं एकतीस, त्यामुळे कप फिरवावे लागत होते. कोणीतरी माझ्या हातात एक उष्टा कप दिला, मी तो धुतला, मग दुसरा आला, मग तिसरा. पुढचा तासभर मी मोरीशी उभा राहून कप धूत होतो. पाठीमागे आजी बोलत होती आणि खोलीभर माणसं ऐकत होती. तिने काहीतरी नवऱ्याबद्दलचं सांगितलं आणि सगळे इतक्या जोरात हसले की खिडकीची काच थरथरली. नेमकं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. फॉर्म हातोहात फिरून परत आला तेव्हा त्यावर केकचे डाग होते आणि पाचाऐवजी सत्तावीस सह्या.

साकिउसचा वायरलेस बोलला. हेलिकॉप्टर चाळीस मिनिटांवर. मी ओला हात पँटला पुसला आणि दारातून "येतो मी" म्हणालो. आजी कोणाला तरी हातवारे करून बोट कशी उलटली ते दाखवत होती. तिचं लक्ष नव्हतं. मी पुन्हा एकदा म्हणालो, जरा मोठ्याने. मग निघालो. अपमान झाला असं वाटायला हवं होतं. ओढा येईपर्यंत मी तसं वाटायची वाट बघितली.

साकिउस हेलिपॅडपर्यंत आला, माझी बॅग आत टाकली, हात मिळवला आणि "घाई आहे" म्हणाला. हेलिकॉप्टर उठलं. आमच्याकडच्या वस्तीवरून ते उठतं तेव्हा माणसं घराबाहेर येऊन हात हलवतात. जाणारा कोणी का असेना. मीही काचेला नाक लावून हात वर केला. खाली चर्च होतं, लाल-पिवळी घरं होती, साखळीला बांधलेली कुत्री होती, धक्क्याला सगळ्या बोटी एका रांगेत गप्प उभ्या होत्या. माणूस फक्त एक दिसत होता. साकिउस खाडीच्या कडेने निळ्या घराकडे निघाला होता, भरभर, जवळजवळ पळतच.

"कोणाला हात करताय?" पायलटने मागे वळून विचारलं. "खाली कोणीच नाही."

"आहेत," मी म्हणालो. "आत बसलेत."